ओळीत बसलेलं नाव

टायपिस्टबाईंना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी गल्लीत त्यांना अजून याच नावाने हाक मारत. कचेरीत त्यांच्या हाताखालून ढिगाने कागद गेले, पण समास चुकला म्हणून एकही परत आला नव्हता. आणि आता या वयात त्यांना साधं एक पान जमत नव्हतं.

पान यजमानांसाठी होतं. घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यावर बोलणं हळूहळू परत आलं, वाचन काही आलं नाही. ओळ अर्ध्यावर सुटायची आणि नजर भलतीकडेच जायची. उपचार करणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, "रोज थोडं वाचू द्या. एकदा वैतागून सोडलं तर पुन्हा धरणार नाहीत." म्हणून टायपिस्टबाईंनी कागदावर टपोऱ्या अक्षरांत लिहून दिलं, तर "मी काय बालवाडीत आहे?" म्हणत त्यांनी कागद भिरकावला. टॅबलेट मात्र हातात धरायचे. त्यावर घरातले सगळेच वाचतात, त्यात कमीपणा नव्हता.

सून घरूनच वेबसाइटची कामं करायची. ती म्हणाली, "टॅबलेटवर उघडेल असं पान मी करून देते ना, आई. चुटकीसरशी होईल."

"आज देशील. रोजचं पान रोज कोण लिहिणार? मला शिकव."

बाईंनी सुनेच्या लॅपटॉपवर पहिलं पान मन लावून टाइप केलं. प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर, मध्ये दोन दोन ओळी मोकळ्या, डावीकडे नेमका समास. टॅबलेटवर उघडून पाहिलं तर सगळी वाक्यं एकमेकांत घुसलेली, गर्दीत चेंगरल्यासारखी.

"मेल्याने माझं सगळं विसकटलं!"

सुनेला हसू आवरेना. "आई, टाइपरायटरवर खटका मारला की गाडी मागे यायची. इथे गाडीच नाही. तुम्ही कितीदा एंटर मारला ते ब्राउझर बघतच नाही. तो टॅग बघतो, म्हणजे मजकुराला लावलेल्या कंसातल्या खुणा. हे वाक्य पी टॅगमध्ये घाला. आता हा झाला ब्लॉक. आत एकच शब्द असला तरी अख्खी ओळ अडवून बसणार, शेजारी कोणाला टेकू देणार नाही."

"म्हणजे तुझा नवरा पलंगावर आडवा होतो, तसा."

"अगदी तसाच! आणि दुसरे असतात ते इनलाइन. ते… थांबा, माझी मीटिंग सुरू झाली. उद्या सांगते."

एवढ्या शिदोरीवर बाई कामाला लागल्या. वाक्यं सुटी झाली, पान कसं मोकळं झालं. मग वाटलं, यजमानांची थोरली बहीण, आक्का, येणार आहे, तर तिचं नाव उठून दिसायला हवं. त्यांनी नाव वाक्यातून काढून वेगळ्या ब्लॉकमध्ये ठेवलं, अक्षर ठळक केलं आणि सुनेच्या जुन्या नमुन्यातली काळी चौकट त्याच्याभोवती घातली. वर उरलं "उद्या दुपारी", खाली "येणार आहे".

यजमानांनी टॅबलेट घेतला. काळ्या चौकटीत एकटंच नाव. आयुष्यभर सकाळी वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाने त्यावरून जे समजायचं तेच समजलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"कधी गेली?"

बाईंनी घाईघाईने आक्कांना फोन लावून यजमानांच्या कानाशी धरला. आक्कांचा आवाज खोलीभर ऐकू आला. "अरे, मी जाईन तेव्हा तुला सांगितल्याशिवाय जाईन का? एवढी कधी शहाणी झाले मी?"

यजमान हसले नाहीत. फोन झाल्यावर त्यांनी टॅबलेट पालथा घालून दूर सरकवला. "हे पुन्हा माझ्यासमोर आणू नकोस."

सुनेने पान बघितलं. रागावली मात्र नाही. "चौकट तर काढाच. पण खरी गडबड दुसरीच आहे. नाव ओळीतून उठवलंत, त्यामुळे वाक्याचे तुकडे झाले. बाबांना एकेक तुकडा वेगळाच वाटला असणार. हा स्ट्राँग टॅग बघा, हा इनलाइन. शब्द ठळक करतो, पण जागचा हलवत नाही. शब्द जेवढा, तेवढीच जागा घेतो. मागचे-पुढचे शब्द त्याला चिकटून राहतात."

बाई बराच वेळ त्या एका शब्दाकडे बघत राहिल्या. त्यांना कचेरीतला टायपिंगचा हॉल आठवला. कोपराला कोपर लावून बसायच्या सगळ्याजणी. एकीने सुस्कारा सोडला तरी पलीकडचीला कळायचं, कालचं भांडण अजून मिटलेलं नाही. पुढे बढती झाली, स्वतंत्र केबिन मिळाली, दारावर नाव लागलं. त्याच मैत्रिणी मग दार वाजवून आत यायच्या आणि फक्त कामाचं बोलून जायच्या. नाव मोठं झालं होतं, पण कोणाच्या बोलण्यात ते येईनासं झालं होतं. तेव्हा त्याचा केवढा अभिमान वाटला होता!

त्यांनी चौकट काढली, तिन्ही तुकडे एका पी टॅगमध्ये आणले. नाव मधोमध ठळक ठेवलं. सकाळी वाचायचं म्हणून 'उद्या'चं 'आज' केलं आणि थोडा विचार करून वाक्य अजून लांबवलं. सोपं करून यजमानांची समजूत काढायची नव्हती.

सकाळी चहाच्या कपाशेजारी टॅबलेट उघडा ठेवून त्या पाठ फिरवून कपड्यांच्या घड्या घालू लागल्या. चहा पिऊन झाला. कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. टॅबलेट पुन्हा पालथा पडणार, असं धरून त्या एकच उशीचा अभ्रा उलगडत आणि घडी करत राहिल्या.

"आज… दुपारी… आक्का…"

आवाज नावापाशी थांबला होता. काल इथेच सगळं संपलं होतं.

"…येणार आहे… आणि…" बोट काचेवरून सरकल्याचा बारीक आवाज झाला. "आणि… रात्री… इथेच… राहणार आहे."

बाईंना मागे वळायचा धीर होईना.

"राहणार?" यजमान जोरात म्हणाले. "अगं, म्हणजे रात्रभर घोरणार! तिचं अंथरूण पलीकडच्या खोलीत घाल. आणि हे तिला सांगू नकोस, नाहीतर मुद्दाम माझ्या उशाशी येऊन झोपेल."