नवरदेवाचा रंग

हल्दोर गावात बर्फाचं लग्न लावायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात आधी हसला तो मूसा.

"आपो, नवरी गोरी, नवरदेव काळा, इथवर ठीक. पण पाळणा हलायचा कधी?"

"तुझ्या नातवंडांच्या वेळी," आपो तकी म्हणाले. सगळ्या गावाचे ते आजोबाच. "तोवर तू तोंड मिटून ठेव, म्हणजे निदान गावातली हवा तरी थंड राहील."

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती. झरा आटत चालला होता. जवाची वरची शेतं पडीक पडली होती. या हिवाळ्यात काही जमलं नाही, तर मूसा घरदार खाली स्कर्दू शहरात हलवणार होता, आणि त्याच्या घरात त्याची विधवा भावजय कनीज आलीच. कनीजचं सगळं इथे होतं. नवऱ्याची कबर, कबरीच्या उशाचं जर्दाळूचं झाड, आणि पहाटे फजरची नमाज पढताना खिडकीतून दिसणारी दोन हिमनद्यांची टोकं. एक पांढरी, पाणी देणारी, ती मादी. दुसरा दगडगोट्यांनी लदलेला, थेंबाथेंबाची कंजुषी करणारा, पण वर्षानुवर्षं टिकणारा, तो नर. दोघांचा एकेक तुकडा आणून सावलीच्या कड्याखाली कोळसा आणि भुशात एकत्र पुरला, की काही वर्षांनी तिथे नवी हिमनदी धरते. वाडवडिलांनी अशा धरल्या होत्या.

नेम एकच, पण कडक. पाठीवर बर्फ घेणाऱ्याने तो जागेवर पोचेपर्यंत बोलायचं नाही आणि ओझं जमिनीला टेकवायचं नाही. एक शब्द निघाला, की बर्फ मेला.

जवान पुरुष गिर्यारोहकांचं सामान वाहायला गेलेले. मूसाच्या जिभेवर कुणाचा भरवसा नाही. म्हणून नवरदेव आपोंनी उचलायचा ठरला आणि नवरी कनीजने. "ती नेमाची बाई आहे," आपो म्हणाले. खरंच होतं ते. तिचे गुरुवारचे रोजे कधी चुकले नव्हते. बोलायचीही इतकं हळू, की मूसा म्हणायचा, "भाभी, तुला हाक मारून झाली की मी कान घेऊन तुझ्या दारात येतो."

लग्नाच्या सकाळी डोंगरातल्या नाल्यात धुकं होतं. कनीजने पांढरा तुकडा गवतात गुंडाळून करंडीत बांधला, बिस्मिल्ला म्हटलं आणि ओठ मिटले. आपो धुक्यात गेले आणि काळा तुकडा घेऊन आले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण काळं-पांढरं कळायचं त्यांना. वाट दाखवायला मूसा पुढे. त्याच्यावर नेम नव्हता, त्यामुळे त्याची जीभ मोकाट.

कनीज आपोंच्या मागे चालत होती. ऊन वर आलं तशी आपोंची करंडी गळू लागली. काळं पाणी. तिने सहज तळव्यावर घेतलं. गुळगुळीत, ओल्या काजळीसारखं. खडा नाही, रेती नाही. आणि जिथून ते ओघळलं होतं, तिथे करंडीच्या वेतातून आतला बर्फ दिसत होता. पांढराशुभ्र.

तिचा पाय अडखळला.

तिची मुलगी नर्गिस स्कर्दूच्या कॉलेजात शिकत होती. गेल्या उन्हाळ्यात पोरगी बाटलीभर काळा चिखल घेऊन आली होती आणि भिंगाखाली आईला दाखवला होता. बारीक गोल दाणे, त्यात हिरवे धागे. "अम्मा, ही घाण नाही, जिवंत आहे. हे जीव धूळ अंगाला चिकटवून काळे होतात. काळ्याला ऊन जास्त लागतं, बर्फ वितळतो, खळगा होतो, मग त्यातल्या पाण्यात यांचा संसार. म्हणून आपली गोरी दरवर्षी काळी पडत चाललीय." कनीज तेव्हा सुब्हानअल्ला म्हणाली होती. एवढ्याशा जिवालाही देणाऱ्याने घर दिलं, तेही बर्फावर.

आता तेच जीव आपोंच्या पाठीवरून ठिबकत होते. धुक्यात आपो नराकडे पोचलेच नव्हते. काळी पडलेली मादीच त्यांनी उचलली होती.

तिने धावत जाऊन मूसाला गाठलं आणि काळा तळवा त्याच्यासमोर धरला.

"अरे वा! मेंदी? नवरदेवाकडची का?" मूसा खिदळला. "धू, धू. नाहीतर नमाजाआधीचा वजू व्हायचा नाही."

तिने मान जोरजोरात हलवली, आपोंच्या करंडीकडे बोट केलं.

"जड झालंय त्यांना? मला काय सांगतेस, मी हात लावला तर नेम मोडेल. चल, पुढे होऊन मी खड्डा बघतो." आणि तो गेलासुद्धा.

तिने आपोंचा हात धरून बर्फाकडे नेला. आपोंना वाटलं, पोर थकली. त्यांनी तिच्या डोक्यावर थोपटलं आणि चालू लागले.

कनीजच्या जिवाला थारा उरला नाही. बोलावं तर नेम मोडतो, दोन्ही बर्फ मरतात, वर ढग जमतायत आणि हिमवर्षावाने नाल्याची वाट कधी बंद होईल सांगता येत नाही. न बोलावं तर आज सगळे हात पसरून दुवा मागतील, आणि मग वर्षांमागून वर्षं त्या कड्याखाली काहीच धरणार नाही. आणि ती चुकत असेल तर? गाव म्हणेल, आयुष्यभर गप्प राहिली आणि नेमकी आज बोलली. तसबीह खिशात होती. मणी ओढताना काळे डाग त्यावर उमटत गेले. सुटलेल्या रोज्याची कजा असते, मागाहून पुन्हा धरता येतो. एवढी वाट अल्लाहने ठेवली आहे. चुकीच्या लग्नाची कसली कजा?

कड्याखाली खड्डा तयार होता. आपो वाकू लागले.

"आपो, हा नर नाही."

एवढं मोठ्याने ती कधीच बोलली नव्हती. तिलाच आपला आवाज ओळखू आला नाही.

"झालं! सगळ्यावर पाणी फिरवलंस!" मूसा ओरडला. "एक दिवस, भाभी! एक दिवस गप्प बसवेना?"

करंडी पाठीवरच ठेवून आपोंनी हात मागे नेला, नखाने बर्फ खरवडला, बोटं एकमेकांवर घासली, मग नाकाशी नेली. पुन्हा खरवडलं. खडा शोधत होते. शेवटी खाली बसले, करंडी टेकवून.

"काजळ फासलेली गोरीच आहे ही," ते म्हणाले. "पोरी, तू बोलली नसतीस तर एका बिछान्यात दोन नवऱ्या निजवल्या असत्या मी."

कनीजला रडू आलं आणि तेवढ्यात हसूही.

"आता? ढग बघा!" मूसा म्हणाला.

"उद्या पहाटे. काळा मी आणते," कनीज म्हणाली. "आपोंच्या पाठीला आता नको."

"आणि गोरी?"

आपो आणि कनीज, दोघंही त्याच्याकडे बघत राहिले.

"मी? अहो, माझं तोंड—"

"तेच," आपो म्हणाले. त्यांनी दोन्ही तुकडे एका ओल्या बांधाआड अलगद ठेवले. "पोरी, तुझी नर्गिस म्हणते ते जीव आहेत ना त्यात? पायाखाली नकोत."

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवरच बर्फ भुरभुरू लागला. कनीजच्या पाठीवर यावेळी नवरदेव होता, जड. पावलागणिक त्यातले दगड एकमेकांवर कटकट वाजायचे, आणि दर वेळी तिला तेवढंच बरं वाटायचं. पुढे गोरी पाठीवर घेऊन मूसा होता. नाल्याच्या उतारावर त्याचा पाय निसटला, गुडघा खडकावर आपटला आणि तोंड उघडलं गेलं.

कनीज जागच्या जागी थिजली.

मूसाचे ओठ थरथरले. डोळ्यांतून पाणी आलं. मग त्याने तोंड मिटलं, करंडी सावरली आणि लंगडत चालू लागला.