ओळीच्या सुरुवातीचे दोन बी

अयोध्याचा फोन आला त्याच दुपारी मी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन त्या कागदाची झेरॉक्स काढून आणली आणि मूळ कागद परत कपाटात साड्यांखाली ठेवला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मी असलं काही करत होते.

अयोध्या माझी नळदुर्गच्या शाळेतली विद्यार्थिनी. तिचे वडील शंभुलिंग मास्तर, त्यांचा बँड होता. तरुणपणी हैदराबादला एका म्हाताऱ्या पोलीस बँडवाल्याकडे ते शिकले होते, म्हणून त्यांना पाच रेषांचं इंग्रजी नोटेशन लिहितावाचता यायचं. आमच्याकडे ते दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. मी शाळेची संगीत शिक्षिका, पण माझं सगळं सा रे ग म मध्ये. मास्तरांचे ते कागद आता कसर खात होती, म्हणून अयोध्या एकेक कागद कॉम्प्युटरवर चढवत होती. ऑनलाइन सॉफ्टवेअर असतं म्हणे, कागदाचा फोटो दिला की सूर ओळखून नव्यानं मांडतं आणि वाजवूनही दाखवतं. साठेक कागद झाले होते. एकच राहिला होता, तो माझ्याकडे होता; तो चढवायला येते, असा तिचा फोन होता. आमच्या शाळेच्या प्रार्थनेचा.

ती चाल मास्तरांची. शहाऐंशी साली हेडमास्तरांच्या सांगण्यावरून त्यांनी ती बांधली आणि आठ ओळी सुबक लिहून मला आणून दिल्या. "बाई, एकदा क्लॅरोनेटवर वाजवून दाखवतो," म्हणाले. मी म्हटलं, शाळेत क्लॅरोनेट नको. कोणता ठिपका सा, तेवढं सांगा. त्यांनी दाखवलं. खालच्या छोट्या आडव्या रेघेवरचा तो सा, तिथून वर मोजत जा. मी मोजत गेले आणि मुलींना शिकवलं.

प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला इंग्रजी बी सारखी दोन अक्षरं होती, एक वर, एक जरा खाली. मी ठरवून टाकलं की बी बी म्हणजे बँड बुक. विचारायला गेले नाही, बँडवाल्याला काय विचारायचं. पुढं तपासणीला साहेब येणार म्हणून तो कागद चौकटीत घालून हॉलमध्ये लावायचा ठरला, तेव्हा शाळेच्या प्रार्थनेवर बँड बुक बरं दिसेना. ऑफिसातल्या टाइपरायटरशेजारची पांढरी शाई घेऊन मी आठही ओळींवरचे ते बी बुजवून टाकले.

अयोध्या तेव्हा तेरा वर्षांची. गळा असा की हॉलच्या मागच्या भिंतीला लागून परत यायचा. पण प्रार्थनेत ती गंधार आणि निषाद कोमल लावायची. मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सगळ्या शाळेसमोर पुढच्या रांगेतून बाहेर काढलं. "ही काय वरात आहे का?" म्हटलं. मुली हसल्या. त्या दिवसापासून दहावीपर्यंत तिचं नाव वरात पडलं. ती पुन्हा गायली नाही. मास्तर एकदा शाळेच्या फाटकापर्यंत आले होते. मी खिडकीतून पाहिलं आणि वर्गात निघून गेले.

शहाण्णव साली सोलापूरच्या शिबिरात एका सरांनी फळ्यावर तो बी काढला आणि म्हणाले, हे कोमलचं चिन्ह. ओळीच्या सुरुवातीला ज्या सुराच्या जागी असेल तो सूर सगळ्या ओळीत कोमल. शेजारची शिक्षिका वहीत उतरवून घेत होती. मी पेनचं टोपण उघडत होते, लावत होते. परतीच्या एसटीतून नळदुर्गला उतरले ती सरळ घरी गेले, मास्तरांकडे नाही. निवृत्त होताना तो कागद चौकटीतून काढून घरी आणला. मास्तर दोन हजार नऊपर्यंत होते.

तर अयोध्या आली. तुळजापूरच्या कोर्टात टायपिस्ट आहे, केस पांढरे व्हायला लागलेत. चप्पल दारात काढताना म्हणाली, "बाई, तुमी आजून तशाच हाव. फक्त छडी न्हाय हातात."

"बस. चहा टाकते."

"आधी काम, मग चहा. कागद काढा."

मी झेरॉक्स दिली. मूळ कागद पार फाटलाय, म्हटलं. तिनं मान डोलावली. मोबाइलनं फोटो काढला, लॅपटॉप माझ्या टीपॉयवर ठेवून तो त्या सॉफ्टवेअरला दिला. एक गोल फिरत राहिला, मग रेषा आल्या, रेषांवर काळे ठिपके आले. अगदी मास्तरांनी काढल्यासारखे.

"बघा, कसं वळखतंय. अप्पांचं अक्षर ह्याला आता माझ्यापेक्षा चांगलं कळतंय."

तिनं वाजवलं. पियानोच्या कोरड्या आवाजात आमची प्रार्थना सुरू झाली, शुद्ध गंधार, शुद्ध निषाद, मी अठरा वर्षं शिकवली तशीच.

अयोध्यानं ते थांबवलं. "हे चुकतंय. अप्पांची चाल अशी न्हाय." पुन्हा वाजवलं. "सॉफ्टवेअर लई वेळा चुकतं, बाई. जुन्या कागदावरचं बारीक न्हाय दिसत त्याला." मग तिनं चष्मा लावून झेरॉक्स डोळ्यांजवळ धरली आणि बोट ठेवत आठही ओळींच्या सुरुवाती बघितल्या. बराच वेळ बघत होती.

"न्हाय," ती म्हणाली. "त्यानं बरोबर वाचलंय. कागदावर कोमल न्हायच. अप्पाच चुकले."

तिनं चष्मा काढून टीपॉयवर ठेवला.

"तुमी रांगेतनं काढलं त्या दिवशी घरी जाऊन मी अप्पांस्नी इचारलं होतं, तुमी मला चुकीचं शिकवलं का? म्हणले, जसं लिहिलंय तसं गायलीस पोरी, तू भिऊ नको. मी तेच धरून बसले. आन तुमच्यावर राग धरला, बाई. अडतीस वर्षं. तुळजापूरला एकदा तुमी बाजारात दिसलात तर मी दुसऱ्या गल्लीनं गेले." ती हसली. "माणूस किती येडं असतं. लिहिताना विसरले आसतील. वराती करून दमून यायचे."

ती उठली आणि माझ्या पायाशी वाकली. आणि माझा हात, सवयीनं, तिच्या डोक्यावर गेला. मी तिला आशीर्वाद दिला. एवढं लिहितानाही तो हात मला माझ्या अंगाला चिकटलेला नको वाटतो.

"चहा टाका आता," ती म्हणाली. "मी हे असंच ठेवते. अप्पांनी लिहिलं तसं."

मी स्वयंपाकघरात गेले. पातेल्यात पाणी घातलं, गॅस पेटवला. तिथून मला ती की-बोर्डवर काहीतरी टाइप करताना ऐकू येत होती. वाटलं, राहू दे. मास्तर गेले, आता कुणाला काय. मग कळलं की ती त्यांची चूक त्यांच्या नावावर लिहून ठेवते आहे, आणि ती तिथं कायमची राहणार. मी गॅस बंद केला. कपाटातून साड्या बाजूला करून कागद काढला आणि तिच्यासमोर ठेवला.

"हा मूळ कागद. फाटलेला नाही."

तिनं पांढऱ्या डागांवरून बोट फिरवलं. मग कागद उलटा करून खिडकीशी धरला. मागून शाई उमटली होती. प्रत्येक ओळीला दोन बी, उलटे.

"हे कुणी केलं?"

"मी. बँड बुक वाटलं मला."

"काय वाटलं?"

मला ते पुन्हा म्हणावं लागलं.

"मग कवा कळलं तुमास्नी?"

"शहाण्णव साली."

ती काही मोजत असावी. "अप्पा तवा होते."

"होते."

"आन आज झेरॉक्स दिलीत मला."

"हो."

मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती परत लॅपटॉपसमोर बसली, स्क्रीनवरच्या कुठल्याशा खिडकीतून दोन बी निवडले आणि एकदा दाबलं. आठही ओळी एका क्षणात बदलल्या. तिनं वाजवलं. मी ती चाल पहिल्यांदाच ऐकत होते, शाळेत तिच्या तोंडून ऐकली होती ती सोडून. ऐकताना मला कळलं की ती किती चांगली आहे, आणि मी ती अठरा वर्षं रोज सकाळी तीनशे मुलींकडून बिघडवून घेतली.

"मला माफ कर," मी म्हटलं.

"ते ऱ्हाऊ द्या. मी बरोबर गात होते, एवढं म्हणा."

"तू बरोबर गात होतीस."

"तसं नगं. हजेरी घेत होता तसं. सगळं नाव घेऊन."

मी उभी राहिले. का ते माहीत नाही, पण बसून म्हणता येईना. "अयोध्या शंभुलिंग कोरे," मी म्हटलं, "तू बरोबर गात होतीस."

"हजर," ती म्हणाली. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

तिनं लॅपटॉप बंद केला, मूळ कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून पिशवीत ठेवला. नेऊ का, असं विचारलं नाही. झेरॉक्स टीपॉयवरच ठेवली. चहा राहिला. दारात चप्पल घालताना तिच्या तोंडात ती चाल होती, अगदी हळू, कोमल गंधार लावून. मी दिसले तशी ती गुणगुणायची थांबली आणि जिना उतरून गेली.