रागावण्याचे शब्द

माझ्या पुठ्ठ्यावरची सोनेरी अक्षरे पुसली आहेत, म्हणून मीच ओळख सांगतो. मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. मित्रांनो, मला पुण्याहून कलकत्त्याला आणले ते दत्तात्रय आगाशे यांनी. सरकारी बदलीमुळे ते कलकत्त्याजवळ बराकपूरला राहत आणि रोज सकाळच्या गाडीने सियालदहला कचेरीत जात.

त्यांची मुलगी वृंदा इथेच वाढली. संध्याकाळी बापलेक मला मध्ये घेऊन बसत.

"बाबा, रागावण्याला इंग्रजीत इतके शब्द कशाला?"

"प्रत्येकाचा राग निराळा ना! आई मायेनं दटावते, ते 'चाइड'. चिडून ओरडली की 'स्कोल्ड'. साहेब बोलावून ताकीद देतात, ते 'रेप्रिमांड'."

"आणि 'अपब्रेड'?"

"चुकांचा पाढा वाचत झाडणं. ते फार लागतं गं."

ते माझे सुखाचे दिवस होते.

१९५३च्या हिवाळ्यात पुण्याचे पाहुणे आले. बंगालीत पाणीही 'खातात'; त्या सवयीने वृंदाने विचारले, "काका, पाणी खाणार?" पाहुणे खो खो हसले. दत्तात्रयरावांचा तोल गेला. "चौदा वर्षांची घोडी झालीस, स्वतःची भाषा येत नाही! ना अभ्यास, ना वळण!" सगळ्यांदेखत ते बोलत राहिले. वृंदाने त्यांच्याशी अबोला धरला.

नवव्या दिवशी सकाळी कचेरीला निघताना दत्तात्रयरावांनी मला तिच्यापुढे उघडले. "वृंदा, मी केलं ते 'अपब्रेड'. चूक माझी होती. बोल ना गं."

तिचे डोळे भरले, पण तिने मान वर केली नाही. गाडीची वेळ झाली. ते गेले.

सियालदहच्या फलाटावर त्यांच्या छातीत कळ आली. दुपारी कचेरीतली माणसे ते वारल्याची बातमी घेऊन दारात उभी राहिली.

तेराव्यानंतरही वृंदा तेच पान उघडून बसे. आई, कालिंदीबाई, म्हणाल्या, "बाळ, थोडं रडून घे."

"आई, त्यांनी विचारलं होतं. मी बोललेच नाही."

पुढे मायलेकी नागपूरला मामांकडे गेल्या. सामान बांधताना वृंदाने मला उचलले आणि पुन्हा खाली ठेवले. "हा नको." शेजारच्या सुचित्रादींनी मला आपल्या फळीवर ठेवले. त्यांना मराठी येत नाही. धूळ मात्र त्या पुसतात.

मित्रांनो, मला वाळवी लागली तरी चालेल. पण तुमच्या घरात कुणाशी अबोला असेल, तर ते माणूस दाराबाहेर पडण्याआधी त्याला एकदा हाक मारा.