हिरव्या रंगातले रूसिंक

गुडघे गेल्यावर माझे मेहुणे डेर्क रूसिंक यांनी गाई भाचीवर सोपवल्या आणि स्वतः पूर्वज पाळायला घेतले. पूर्वजांसाठी पहाटे उठावं लागत नाही, आणि त्यांना कुंपणही लागत नाही. दोन हिवाळ्यांत कोठाराची एक अख्खी भिंत वंशवृक्षानं भरली. सगळ्यात वर सोळाशे चार सालचा पहिला रूसिंक आणि सगळ्यात खाली डेर्क. पुरुषांची नावं खिडक्यांच्या झडपांना लावतात त्या हिरव्या तैलरंगात, बायकांची पेन्सिलीनं. असा भेद का, असं मी विचारलं, तेव्हा रंग महाग आहे म्हणाले.

माझंही नाव तिथे आहे. हेर्मिनच्या नावापुढे, पेन्सिलीनं. हेर्मिन ही त्यांची बहीण, माझी बायको. तिनं माझ्याशी लग्न केलं, माझं फान डेर प्लास हे आडनाव लावलं आणि माझ्याबरोबर शहरात राहायला आली. डेर्करावांनी हे तिन्ही गुन्हे वेगवेगळे मोजले होते.

आमची मुलगी फेम्के मात्र मामाच्या शेतावर रमली. चार वर्षं ती आणि तिचा किशन तिथेच राहून गोठा सांभाळत होते. किशन रामपरसाद मूळचा हेगचा. संगणकाचं काम करायचा. एका शनिवारी फेम्केबरोबर शेतावर आला, त्या रात्री एक गाय अडली, आणि वासरू बाहेर येईपर्यंत त्याचं हेगला परत जायचं राहून गेलं. ते आजतागायत राहिलंय.

तर एके दुपारी वाटाण्याचं सूप पिता पिता डेर्करावांनी जाहीर केलं की सत्तराव्या वाढदिवसाला ते शेत कुणाला जाणार ते सांगतील, आणि ते मार्टेनला जाईल. मार्टेन रूसिंक हा रॉटरडॅमचा चुलत पुतण्या. तो उद्वाहनं विकतो, म्हणजे लिफ्ट. गुण एकच, आडनाव.  फेम्केनं एकच पातेलं दोनदा घासलं. किशननं एवढंच विचारलं, की गाईची पुढची बाजू कुठली ते मार्टेनला माहीत आहे का.

मी भिंतीसमोर उभं राहून मेहुण्यांशी वाद घालून पाहिला.

"दाजी, यात भावनेचा प्रश्न नाही," ते म्हणाले. "चारशे वर्षांचं रक्त आहे. ते फान डेर प्लासच्या घरात कसं घालू?"

मग मी अठराव्या शतकावर बोट ठेवलं. तिथे आलाईडा नावाची बाई गेरिट रूसिंकची विधवा होती, आणि पुढच्याच वर्षी तिनं यान रूसिंकशी लग्न केलं होतं. हा यान कोण? धाकटा भाऊ असेल, म्हणाले. पण त्याचा या घरात बाप्तिस्मा झाल्याची नोंद नाही, म्हटलं. तर म्हणाले, तेव्हाचा पाद्री प्यायचा.

आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की जुन्या काळी इथे आडनाव माणसाचं नसायचं, घराचं असायचं. ज्या घरात राहायला जाल, त्या घराचं नाव लागणार. घरजावई स्वतःचं नाव दारात बुटांशेजारी काढून ठेवायचा आणि आत जायचा. हे मला सांगितलं ते डेर्करावांनीच. कुणाच्या घरात कुठला जावई शिरला, हे ते प्रत्येक समारंभात चवीनं सांगायचे. फक्त स्वतःच्या घराची वेळ आली की पाद्री प्यायला लागायचा.

वाढदिवस उजाडला. बैठकीच्या खोलीत खुर्च्यांचं रिंगण मांडलेलं. आमच्याकडे वाढदिवसाला फक्त वाढदिवसवाल्याचं अभिनंदन करून भागत नाही. प्रत्येकानं प्रत्येकाचं करायचं असतं, भाऊ सत्तरीचा झाला म्हणून बहिणीचं, शेजारी सत्तरीचा झाला म्हणून शेजारणीचं. मग कॉफी, केकचा एक तुकडा, आणि गुडघ्याला गुडघा लावून शांतता. मार्टेन पांढरे बूट घालून आला होता. खिडकीजवळ ग्राडा मेर्डिंक, शेजारच्या मोठ्या शेताची मालकीण, त्याच घरात जन्मलेली, नव्वदीची. दोन्ही घरांच्या मधल्या चरावरून तिचं आणि डेर्करावांचं जुनं वैर. पण वैर असलं म्हणून शेजारणीला न बोलावणं आमच्यात बसत नाही.

डेर्कराव काठीवर जोर देऊन उठले. फेम्केनं केकचा काटा खाली ठेवला. त्यांनी घसा साफ केला, तेवढ्यात ग्राडा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "रूसिंक, तुझ्या गाई माझ्या मक्यात शिरल्यात."

मार्टेननं बशीत पाहिलं. किशन एव्हाना दाराबाहेर होता, मागोमाग फेम्के.

"ग्राडा, रूसिंक मी आहे," डेर्कराव म्हणाले.

"तू डेर्क. मी गाईवाल्याला हाक मारली, आणि तो गेला. सगळं गाव त्याला रूसिंकच म्हणतं. दूधवाला म्हणतो, पशुवैद्य म्हणतो. तुलाच कुणी सांगितलं नाही."

"आडनाव असं लागत नाही. रक्त लागतं."

"रक्ताचं मला नको सांगूस, बाळा. आमचा यान दोन गाई आणि एक पलंग घेऊन तुमच्या आलाईडाकडे राहायला गेला आणि रूसिंक झाला. ती मूल न होताच वारली, मग त्यानं दुसरी केली. तुम्ही सगळे त्या दुसरीचे. पलंग परत आला नाही, म्हणून आमच्या घरात ही गोष्ट कुणी विसरलेलं नाही."

"तेव्हाचा पाद्री..." डेर्करावांनी सुरुवात केली.

"पाद्री पीत असेल. नाकाचं काय करतोस?"

ग्राडाचं नाक मोठं, मधेच उजवीकडे वळलेलं. सगळं रिंगण आधी त्या नाकाकडे वळलं, मग डेर्करावांच्या नाकाकडे. शेवटी मार्टेनच्या. मार्टेननं आपलं नाक हातरुमालानं झाकलं. डेर्करावांनी स्वतःचं नाक चाचपलं आणि खाली बसले. आयुष्यभर ज्या घराशी चरावरून भांडले, ते त्यांचं आजोळसुद्धा नव्हतं. थेट बापाकडचं घर निघालं.

गुडघ्यापर्यंत चिखल माखून किशन आणि फेम्के परत आले. 

"रूसिंक," डेर्कराव म्हणाले. ते किशनकडे बघत होते. "किती होत्या?"

"सगळ्याच, मामा. चराकडचं कुंपण पडलंय. उद्या घालतो."

"घाल. तुमचंच आहे आता. तुझं आणि फेम्केचं."

फेम्के चिखलाच्या पायांनी तशीच रिंगण ओलांडून गेली आणि मामाच्या गळ्यात पडली. गालिच्याविषयी कुणी चकार शब्द काढला नाही. आमच्याकडे याहून मोठी भावना कुणी दाखवत नाही. मार्टेननं सुटकेचा निःश्वास सोडला आणि कुणी न विचारताच केकचा दुसरा तुकडा घेतला.

नवीन नाव जड नाही ना जाणार, असं मी किशनला विचारलं.

"माझे खापरपणजोबा कलकत्त्याहून मळ्यावरचे मजूर म्हणून बोटीनं डचांच्या सुरीनामला उतरले," तो म्हणाला. "तिथे त्यांना बापाचं नाव विचारलं, त्यांनी रामपरसाद सांगितलं. तेव्हापासून आम्ही सगळे रामपरसाद. नाव वाटेत मिळतं, याची आमच्याकडे सवय आहे."

दुसऱ्याच दिवशी डेर्करावांनी रंगाचा डबा उघडला. भिंतीवर सगळ्यात खाली आता किशन रूसिंक आहे, हिरव्या रंगात. शेजारी फेम्के, तीही हिरव्यात. आलाईडालाही रंग मिळाला, कारण तिच्यावाचून यान आत आलाच नसता. समोरच्या भिंतीवर मेर्डिंक घराण्याचं काम सुरू झालंय. त्यासाठी डेर्कराव रोज ग्राडाकडे कॉफीला जातात, आणि त्या पलंगाचा विषय काढल्याचा तिला पश्चात्ताप होतोय.

मी माझ्या नावाचं विचारून पाहिलं. डब्यात रंग शिल्लक होता.

"दाजी," डेर्कराव म्हणाले, "तुम्ही इथे राहिलात कधी?"

मी अजून पेन्सिलीत आहे.