बोगनवेल आणि तिसरी झारी

मित्रांनो, फाटकाशेजारच्या कोपऱ्यात वाढलेली मी एक जुनी बोगनवेल आहे. अंगावर काटे असल्यामुळे माझ्या वाटेला फारसे कोणी जात नाही. अपवाद फक्त या घरातल्या आजोबांचा. ते शिंपी होते. दुकान बंद केल्यावर रिकाम्या हातांना काम हवे, म्हणून त्यांनी झारी उचलली.

तेव्हापासून मला सकाळी एक झारी, संध्याकाळी एक झारी. खरे तर आम्हा बोगनवेलींना फुलण्याआधी काही दिवस तहानलेले राहावे लागते. पण हे सांगणार कोण आणि कसे? पाणी मिळत गेले आणि मी नुसती पाने काढत गेले. थंडी ओसरली की शेजारच्या कुंड्यांत पिटुनिया आणि फ्लॉक्सची चढाओढ लागायची. मी मात्र तीन वर्षे हिरवीगार आणि ढिम्म.

यंदा त्यांचा मुलगा म्हणाला, "बाबा, ही नुसती जागा अडवून बसलीये. काढून टाकू, स्कूटर तरी उभी राहील."

"एवढा मोसम बघू. नाही फुलली तर काढ," आजोबा म्हणाले आणि त्यांनी दुपारची तिसरी झारी सुरू केली. आता आपले काही खरे नाही, हे मी ओळखले.

तेवढ्यात त्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. महिनाभर वाकायचे नाही, मातीत हात घालायचा नाही. झारी सुनेकडे आली. ती नर्स, घड्याळाच्या काट्यावर धावणारी. जाता-येता दारातल्या कुंड्यांना पाणी घाली, माझ्यापर्यंत येणे राहूनच जाई.

"वेलीला घातलंस ना गं?" आजोबा आतून विचारत.

"घातलं हो, बाबा."

माझी पाने गळली, फांद्या वाळक्या दिसू लागल्या. आणि मग आठवडाभरात मी शेंड्यापासून बुडापर्यंत गुलाबी झाले.

काळा चष्मा लावून आजोबा बाहेर आले. "तुझ्या हाताला गुण आहे, पोरी."

सुनेने मान खाली घातली. "बाबा, मी खोटं बोलले. महिनाभर तिला थेंबभरसुद्धा पाणी घातलं नाही."

आजोबांनी माझ्या गुलाबी घोसाला हलकेच हात लावला. "म्हणजे तीन वर्षं मीच तिला फुलू दिलं नाही."

मला फार वाईट वाटले. त्या पाण्यातली माया खरी होती, मित्रांनो. तुम्हीही जीव जरूर लावा, पण ज्याला लावता त्याला काय हवे आहे तेही पाहा. आजोबा अजून रोज येतात. बोटाने माझी माती चाचपतात आणि ओल लागली की भरलेली झारी तशीच परत नेतात. त्यांना ते किती जड जाते, ते मला दिसते.