एकतिसावा ठिपका

मी वाचनालयातली एक जुनी कादंबरी आहे, मित्रांनो. युद्धकाळात हेरगिरी करणाऱ्या स्त्रियांची गोष्ट माझ्यात आहे. गोष्ट कल्पित आहे, युद्ध मात्र खरे होते. माझी पाने दोऱ्याने शिवली, पाठीला सरस लावला, आणि पहिले वर्षभर मला कपाटात बसायला सवड मिळाली नाही. पुढे अकरा वर्षे माझ्याकडे फक्त कसर फिरकली.

शेवटी ग्रंथपालबाईंनी मला रद्दीच्या ढिगावर ठेवले. आमच्या वाचक मंडळाचा एक नियम आहे. पुस्तक काढून टाकण्यापूर्वी सगळ्यांनी ते वाचायचे, न पटलेल्या ओळीपुढे पेन्सिलीने ठिपका द्यायचा, आणि चर्चेनंतर हात वर करून निर्णय घ्यायचा. माझ्या अंगावर एकतीस ठिपके पडले.

"बायकांच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्या कसली हेरगिरी करणार?" निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले. तीस ठिपके त्यांचेच होते.

एकतिसावा, कोपऱ्यात गप्प बसणाऱ्या वृद्ध मावशींचा. त्या पानावर माझी नायिका गुप्त चिठ्ठी जाळते आणि निर्धास्त निघून जाते.

"मावशी, यात काय पटलं नाही?" ग्रंथपालबाईंनी विचारले.

"जळलेल्या कागदावरची अक्षरं वाचता येतात. राख चुरावी लागते, अगदी पीठ होईपर्यंत."

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

मावशींनी आपल्या बोटांकडे पाहिले. "युद्धात मी रोज चुरायचे."

शेजारी बसलेली त्यांची लेक पाहतच राहिली. "आई, तू तर टायपिस्ट होतीस ना?"

"टायपिंगही करायचे गं."

मग पोस्टमास्तरच हळूच म्हणाले, "साठ वर्षं भिजला की हो तीळ!" सगळ्यांत मोठ्याने मावशी हसल्या.

"हिला ठेवा," त्या म्हणाल्या. "चुकलीय बिचारी. पण आम्ही होतो, एवढं तरी हिनं लिहिलंय."

सगळे हात वर गेले. पोस्टमास्तरांनी खोडरबर मागून घेतला आणि आपले तीसही ठिपके पुसले.

त्या संध्याकाळी लेकीने मला घरी नेले. ती मोठ्याने वाचायची, पानापानाला थांबून विचारायची, "आई, हे खरं का गं?" आणि मावशी सांगायच्या.

मित्रांनो, आमची पाने दुमडू नका, धूळ तेवढी पुसा. आणि वाचता वाचता घरातल्या मोठ्या माणसांना काहीतरी विचारा. माझ्यातली एक ओळ चुकली होती, तिचे उपकार मी विसरणार नाही. तिच्यापुढचा ठिपका अजून आहे. तो पुसू नका.