टॅक्सीवर पैसे परत देणारं कार्ड

माझी धाकटी बहीण म्हाताऱ्या माणसांच्या शुश्रूषागृहात आहे. तिला आता कुणाचंच काही आठवत नाही. सेविकांच्या हातून ती पातळ सूप तेवढं घेते. घास पुढे केला की ओठ घट्ट मिटते, आणि मग देव आला तरी उघडायची नाही. माझ्या हातून मात्र जेवते. का, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मी समोर बसून स्वतःच तोंड उघडते, "आ कर" म्हणते, आणि ती आ करते. लहानपणी आई कामात असली की मीच तिला भरवायची. तेव्हाही हा असाच मोठा जबडा उघडायची, पडजीभ दिसेपर्यंत.

म्हणून दर बुधवारी मी जायची. शुश्रूषागृह शहराच्या दुसऱ्या टोकाला. बस मध्येच बदलावी लागते आणि बसची पायरी माझ्या गुडघ्यांना मंजूर नाही. टॅक्सी करायची. पूर्वी कोपऱ्यावर टॅक्सी उभी असे, हात केला की झालं. आता ती फोनवरून बोलवावी लागते आणि फोन कार्ड मागतो. कार्ड मुलाचं, त्याला जोडून माझ्या नावाचं एक. मी बटण दाबलं की संदेश मुलाला. तो दुसऱ्या शहरात, पण माझी टॅक्सी निघण्याआधी त्याचा फोन आलेला असे.

"आई, पुन्हा टॅक्सी?"

"मग काय उडत जाऊ?"

"अगं, मावशीला तू आलीस हेसुद्धा कळत नाही."

"पोटाला कळतं ना तिच्या."

"आणि परवा उतरताना घसरलीस, ते?"

"घसरले, पडले नाही. त्या ड्रायव्हरने तुला सांगितलं की काय?"

तूच सांगितलंस, असं तो म्हणाला. ते खरंच होतं. माझं तोंड मला नेहमीच नडलं आहे.

तो वाईट नाही. बाप गेल्यावर सगळं त्याने अंगावर घेतलं. मीच म्हटलं होतं, तूच बघ बाबा. पण प्रत्येक बुधवारी आपण बहिणीकडे का चाललो, हे पोटच्या पोराला पटवून देत जिना उतरायचा, याचा मला कंटाळा आला होता. वाटलं, आपलं एक कार्ड असावं. तशात बँकेची जाहिरात पाहिली: खर्च करा, त्यातले काही पैसे परत मिळवा. म्हटलं, टॅक्सीवर परत मिळणार असतील तर पोराचंही तोंड बंद होईल.

बँकेतली मुलगी नातीच्या वयाची. तिने पाणी दिलं, खुर्ची पुढे सरकवली.

"आजी, आधी सांगा, खर्च कशावर जास्त होतो? त्यावरून कार्ड ठरतं. पेट्रोल?"

"गाडी नाही."

"विमानप्रवास?"

"एकदाच वर जायचंय. त्याचं तिकीट तुमच्या बँकेला काढावं लागणार नाही."

ती खुदकन हसली. "बाहेर जेवण?"

"बाहेर जेवते ना, बुधवारी. पण ते बहिणीच्या ताटातलं उरलेलं, फुकट."

मग तिने पडद्यावर तीन कार्डं दाखवली. एक किराण्यावर जास्त परत देणारं. एक सगळ्यावर थोडं थोडं देणारं. तिसरं प्रवासावर, त्यात टॅक्सी आली. त्याला वर्षाची फी होती, पण माझ्या फेऱ्यांच्या हिशेबाने ती सहज भरून निघत होती. मुलीने किराण्याचं सुचवलं, माझ्या वयाच्या बायका तेच घेतात म्हणाली. मी म्हटलं, किराणा मुलगा तिकडे बसून मागवतो, दारात पिशव्या येतात, मला कांदे निवडायलासुद्धा मिळत नाहीत. मला तिसरं दे. कितीतरी वर्षांनी मी काहीतरी स्वतः बघून, ताडून निवडलं होतं. छान वाटलं. खोटं कशाला बोलू.

"आता उत्पन्न सांगा. नोकरी होती?"

आमचा फोटो स्टुडिओ होता. फोटो आमचे हे काढायचे, निगेटिव्ह माझ्याकडे यायच्या. खालून उजेड सोडलेल्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने चेहरा साफ करायचा. मुरमं, देवीचे व्रण, रडून सुजलेले डोळे. लग्न ठरायचं असलेल्या मुलींच्या आया माझ्या टेबलापाशी येऊन कुजबुजायच्या, "नाकाचं तेवढं बघा हो." गल्ल्याची किल्ली माझ्याच कमरेला. पगार कुणी कुणाला द्यायचा?

"म्हणजे पगार नाही," मुलगी म्हणाली. "कधी कर्ज, हप्ते?"

"छे! ह्यांना उधारीचा तिटकारा."

तिने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आजी, तुमच्या नावावर काहीच दिसत नाही. त्यामुळे पत निघत नाही."

"आयुष्यभर कुणाची पै बुडवली नाही, म्हणून पत नाही?"

"कुणाची घेतलीच नाही ना," ती हळूच म्हणाली.

ठेवीवर कार्ड मिळू शकतं, असं तिने सांगितलं. स्टुडिओ विकला त्याची ठेव आहे. पण ती माझ्या आणि मुलाच्या नावावर, सही दोघांची लागते. खात्याचंही तसंच. मी म्हटलं, राहू दे मग. ती ओशाळली. तिने अर्ज आधीच पुढे पाठवला होता आणि तो नामंजूर झाल्याचा संदेश खात्यावर नोंदवलेल्या फोनवर गेलाही होता. तो फोन मुलाचा.

घरी येऊन चपला काढते आहे तोच फोन वाजला.

"आई, तू माझ्या पाठीमागे बँकेत गेलीस?"

"माझ्या पायांनी गेले."

"तुला मी काय कमी करतो?"

काहीच कमी करत नव्हता. मी म्हटलं, "बुधवारचं तेवढं मला विचारू नकोस."

तो ऑफिसात बोलतात तशा शांत आवाजात बोलू लागला. आज कार्ड, उद्या कुणी फसवून अंगठा घेईल. एकटी हिंडतेस, मला तिकडे झोप लागत नाही. टॅक्सी मी बंद केली आहे. मी येईन तेव्हा आपण दोघं मावशीकडे जाऊ.

"कधी येशील?"

"बघतो. सुट्टी मिळाली की."

"तोवर ती उपाशी राहील रे."

"सूप घेते ना ती, आई. तिथे माणसं आहेत तिची काळजी घ्यायला."

मी भांडले नाही. ओरडायला काहीतरी हातात लागतं, तसं काही नव्हतंच. त्याला रोख पैसे पाठव म्हणावं, तर कशाला ते सांगावं लागणार. शेजारणीपुढे हात पसरावा, तर एका बुधवारचं भागेल. पुढच्याचं काय? आणि परत कशातून करणार? त्या मुलीचा पडदा खरं तेच बोलत होता. माझ्या नावावर काही नव्हतं.

बुधवार आला. साडी बदलली, फोनवर टॅक्सीचं बटण दाबून पाहिलं. कार्ड चालत नाही, असं लाल अक्षरांत आलं. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. बस स्टॉपपर्यंत गेले. पहिल्या बसच्या दांड्याला धरून एक पाय वर घेतला, दुसरा येईना. मागची माणसं खोळंबली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, घरी कुणी नाही का सोडायला?" मी पाय खाली घेतला.

घरी येऊन शुश्रूषागृहात फोन लावला. तिथली सेविका भली आहे. म्हणाली, "काकू, दुपारपासून दाराकडे तोंड करून बसलीय. ताट समोर आहे, शिवत नाही." मी तिला म्हटलं, फोन तिच्या कानाशी धर.

मी हाक मारली. पलीकडे नुसता श्वास ऐकू आला.

"आ कर," मी म्हटलं. स्वयंपाकघरात एकटीच उभी राहून मीही आ केला. "आ कर गं, राणी. मोठा आ कर."

"काकू, केला! केला तिने!" सेविका ओरडली.

"भरव मग, भरव लवकर!"

चमचा ताटाला लागल्याचा आवाज आला.

"मिटलं हो तोंड," सेविका म्हणाली. "घास नको म्हणतेय. काकू, ती फोन तोंडात घालायला बघतेय."